कोरेगावचा स्तंभ आणि आपली माणसे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या धनजच्या शाळेत इतिहासाचा पाठ चालला असता बौद्धवाड्यातला एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, कोरेगावच्या त्या खांबावर आपल्या लोकायचे नावं हायेत म्हणते, खरं हाय का जी?" त्यास आम्ही उत्तर देणार, तोच मागच्या ओळीतला कुणब्याचा मुलगा उठला. तो म्हणाला, "माहा बाप म्हणते का तिथं आपलं कोणीच नाही, तो खांब आपल्या विरोधातला हाय." दोन्ही मुले एका शाळेत शिकतात, एकाच शिवारात आपापल्या आयाबरोबर कापूस वेचतात. दोघांच्या तोंडी शब्दही एकच, 'आपले'. परंतु एकाचे 'आपले' दुसऱ्याच्या 'आपल्या'त बसत नव्हते.

पुस्तक उघडून चार ओळी वाचून दाखवणे आम्हांस अवघड नव्हते. पण स्तंभ आम्ही स्वतः पाहिलेला नव्हता. आम्ही अध्यापक विद्यालयात शिकत असता पेशव्यांची वंशावळ आम्हांकडून तोंडपाठ करवून घेण्यात आली, लढायांचे सनही पाठ करवले गेले. मात्र साध्या शिपायांची नावे कोरलेला एक दगड महाराष्ट्रात उभा आहे, हे त्या काळात आमच्या कानी पडले नाही. जे आपण पाहिले नाही ते मुलांस खात्रीने सांगावे, हे शिक्षकाच्या पेशास शोभत नाही. म्हणून सोयाबीन घरात आल्यावर व कपाशीची पहिली वेचणी उरकल्यावर, डिसेंबरात, आम्ही पाच जण निघालो. आमच्याबरोबर त्या कुणबी मुलाचा बाप होता, फौजेतून पेन्शन घेऊन आलेले बौद्धवाड्यातील एक गृहस्थ होते, एक सुतार व एक पाथरवट होता. एक जानेवारीची गर्दी टाळून साध्या दिवशी जावयाचे, म्हणजे दगड नीट वाचता येईल, असे आम्ही ठरवले होते.

कारंज्यावरून रात्रभर प्रवास करून आम्ही अहिल्यानगरास पोहोचलो व तेथून पुण्याच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर आधी शिरूर लागते, मग शिक्रापूर, मग कोरेगाव भीमा. भीमेचा पूल ओलांडला की पेरणे गावच्या हद्दीत, नदीजवळ, तो स्तंभ दिसतो. उंची सुमारे ६० फूट. खाली चौरस चौथरा, त्यावर वर निमुळती होत गेलेली घडीव दगडाची बांधणी. शिखर नाही, मूर्ती नाही, कसलेही नक्षीकाम नाही. त्यावर इंग्रजीत व मराठीत लेख आहेत, आणि पडलेल्या शिपायांची नावे आहेत.

लढाई झाली ती १ जानेवारी १८१८ रोजी. त्याच्या आदल्या रात्री कॅप्टन स्टाँटन हा शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, शिवाय काही घोडेस्वार व मद्रासच्या तोफखान्याचे मूठभर गोलंदाज दोन तोफांसह होते. सारे मिळून आठशेच्या आसपास. सुमारे २५ मैल रात्रभर चालून ते सकाळी कोरेगावास पोहोचले. नदीपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज पडली होती. ती एकूण वीस हजारांच्या वर होती. मात्र गावावर चालून आल्या त्या अरब, गोसावी व मराठे यांच्या काही तुकड्या, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गावाच्या गल्लीबोळांत, घराघरांच्या भिंतीआडून दिवस मावळून रात्र होईपर्यंत झुंज चालली. रात्रभर चालून आलेल्या त्या शिपायांस दिवसभर अन्न मिळाले नाही, आणि नदी डोळ्यांसमोर वाहत असता पाणीही मिळाले नाही. कंपनीकडील मेलेले, जखमी झालेले व हरवलेले मिळून २७५ माणसे कामास आली. दुसऱ्या बाजूची हानी पाच-सहाशेंची सांगतात. गाव पेशव्यांच्या हाती लागले नाही. त्यांची फौज पुढे निघून गेली आणि स्टाँटन जखमींस घेऊन शिरूरास परतला.

या एका दिवसात पेशवाई बुडाली असे कोणी म्हणतात, ते खरे नव्हे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली व त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले, म्हणजे राजधानी आधीच गेली होती. कोरेगावानंतर २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीस बापू गोखले पडले. पुढे बाजीराव पळत पळत आपल्या वऱ्हाडाच्या अंगणात आला. एप्रिल १८१८ मध्ये आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अॅडम्सच्या फौजेने त्यास गाठून त्याचा मोड केला, आणि जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला. त्या वेळी आपला वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होता. तेव्हा कोरेगावची गोष्ट पुण्याकडची, आपल्याला तिच्याशी काय करावयाचे, असे धनजच्या माणसाने म्हणू नये. त्या मोहिमेची धूळ आपल्याही शिवारालगत उडाली आहे.

आता नावांकडे वळू. स्तंभावर पलटणीच्या ४९ मृतांची नावे आहेत, आणि नावांच्या घडणीवरून जाणकारांनी त्यांचा हिशेब लावला आहे. त्यांत २२ महार आहेत. त्या काळी मुंबईच्या फौजेत महार शिपायाच्या नावापुढे 'नाक' लावीत, त्यावरून ती ओळखू येतात: सोमनाक, रामनाक, भागनाक. त्यांच्या बरोबरीने १६ नावे मराठ्यांची, ८ रजपुतांची, २ मुसलमानांची आणि एखाद-दुसरे बेने इस्रायलाचे आहे. हे बेने इस्रायल म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. तेव्हा या दगडावर शेत कसणारा आहे, गावकीची चाकरी करणारा आहे, आणि घाण्याच्या कुळातलाही असावा. नावे लावताना सोवळे-ओवळे पाहिलेले नाही. गावात ज्यांची सावली एकमेकांस चालत नव्हती, त्यांची नावे एका दगडावर आली आहेत.

आमच्याबरोबरच्या कुणबी गृहस्थांनी हा हिशेब दोनदा विचारून घेतला. सोळा म्हणजे सोळाच ना, असे ते म्हणाले, व बराच वेळ काही बोलले नाहीत. पेन्शनर गृहस्थ चौथऱ्यापाशी ताठ उभे राहिले व त्यांनी फौजी सलाम केला. आमचा पाथरवट मात्र दगडाच्या सांध्यांकडे पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, टाकी चांगली चालली हो. पण ज्यानं घडवला त्याचं नाव कुठी हाय?" आम्ही शोधले, आम्हांस ते दिसले नाही. स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. ज्या टाकीने शिपायांस नाव दिले, ती टाकी धरणारा स्वतः निनावी राहिला. कारागिरांच्या घरी हे दुःख पिढ्यानपिढ्यांचे आहे, म्हणून त्याची नोंद आम्ही येथे मुद्दाम करीत आहो.

या स्तंभाविषयी दोन आक्षेप घेतले जातात. दोन्हींचा विचार करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की, हा दगड इंग्रजांचा आहे. परक्या राज्याच्या विजयाची खूण आपण का म्हणून पाहावी? दगड कंपनीने उभारला, तोही आपल्या बढाईसाठी, हे आम्ही नाकारीत नाही. त्यावरचा लेख पूर्वेकडील आपल्या फौजेच्या पराक्रमाचा अभिमान मिरवतो. कंपनीने आमच्यावर उपकार केले असेही आम्ही मानीत नाही. तिच्या सारावसुलीने कुणबी किती नागवला हे कुणब्याच्या घरी सांगावयास नको. परंतु त्या काळी फौजा पोटासाठी लढत. पेशव्यांच्या बाजूने अरब लढले, ते काय देशासाठी? कंपनीच्या बाजूने मराठे व रजपूत पडले, त्यांनी काय देश विकला? आज देश म्हणून आपण जे म्हणतो, ते त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या डोळ्यांपुढे नव्हते. आणि ज्या राज्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधावयास लावीत, अशी नोंद डॉ. आंबेडकरांनी आपल्या १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात केली आहे, त्या राज्याच्या नोकरीत त्याने का राहिले पाहिजे होते, हा प्रश्न विचारणाराने आधी स्वतःस विचारावा. ज्या हाती झाडू होता त्या हाती बंदूक आली, तेव्हा तो दुसऱ्याच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिला आणि पळाला नाही. स्तंभ या गोष्टीची साक्ष देतो. कंपनीची बढाई केव्हाच विरली. ही साक्ष राहिली आहे.

दुसरा आक्षेप असा की, हा स्तंभ एकाच समाजाचा होऊन बसला आहे. आमच्या गावातील त्या मुलाच्या बापाचेही हेच म्हणणे होते. त्यावर आमचे सांगणे असे: ज्याच्या घरी दहा समया आहेत त्याला एका पणतीचे मोल कळत नाही. आमच्यातील कित्येकांच्या पूर्वजांसाठी गड आहेत, पोवाडे आहेत, पुतळे आहेत. महारांच्या पूर्वजांसाठी हा एक दगड होता. त्यांनी तो जपला, दर वर्षी तेथे जाऊन डोके टेकवले, म्हणून तो त्यांचा झाला. बाकीची २७ नावे ज्यांची, त्यांच्या घरून कोणी आले नाही. मग तक्रार कोणाची करावी? त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, त्या सोळांचा दाखला देऊन बावीसांची किंमत कमी करू पाहणारा माणूस दगड वाचीत नाही, तो दगड फोडतो.

हा स्तंभ लोकांच्या उपयोगी कसा पडला, तेही आमच्या वाचकांस ठाऊक असावे. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने 'लढाऊ जाती' व 'बिनलढाऊ जाती' असा भेद केला व महारांची फौजेतील भरती बंद केली. ज्यांची नावे सरकारने स्वतः दगडावर कोरली, त्यांच्याच नातवंडांस सरकारने सांगितले की तुम्ही लढाऊ नव्हे! गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर हवालदार. त्यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज सिद्ध केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. कांबळे यांनी कोरेगावास सभा भरवल्या, आणि १ जानेवारी १९२७ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ते सुभेदार रामजींचे पुत्र. फौजेची चाकरी घरात पाहिलेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली, ती १९२१ पर्यंत मोडलीही. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, आणि देश स्वतंत्र होईपर्यंत तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. अर्जाच्या कागदास वाळवी लागते, अधिकारी बदलतो, हुकूम फिरतो. पण दगडावरचे नाव पुसून 'तुम्ही नव्हताच' असे म्हणता येत नाही. नाव लिहिलेले असण्याचा हा फायदा आहे.

आणि म्हणूनच १ जानेवारी २०१८ ची आठवण आम्हांस अधिक बोचते. लढाईस २०० वर्षे झाली म्हणून लाखो लोक जमले असता दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला. सरकारास चौकशी आयोग नेमावा लागला. दोष कोणाचा, तो ठरवण्याचे काम आमचे नव्हे. आम्ही इतकेच म्हणतो की, दगड हाती घेणाऱ्यांपैकी कोणी त्या स्तंभावरची नावे एकदा मोठ्याने वाचली असती, तर कदाचित त्याचा हात खाली आला असता. मेलेला तरुण कोणत्या घरचा, हे विचारण्यापूर्वी तो कोणत्या तरी आईचा होता एवढे आठवावे.

आता आपल्या गावाकडे या. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्या मुलखातील कित्येक गावांत लहान लहान पाट्या बसवल्या. त्यांवर मजकूर इतकाच की, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांतले इतके मेले. नाव एकाचेही नाही, नुसता आकडा. दिल्लीस इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे १९३१ पर्यंत कोरली गेली. खेड्याच्या वाट्यास आकडा आला. आकडा वाचून कोणी रडत नाही. आकड्याला बायकापोरे नसतात, आकड्याला घर नसते. कोरेगावच्या स्तंभाचे मोठेपण त्याच्या ६० फुटांत नाही. त्याने साध्या माणसास आकडा होऊ दिले नाही, त्यात आहे.

आपल्या भागात आकडा होऊन जाण्याचे दुःख काय असते, ते सांगावयास बाहेरचा माणूस नको. वाशीमसह अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा हे सहा जिल्हे २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली तेव्हा साऱ्या देशाच्या तोंडी झाले. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची मोजदाद झाली. पात्र किती, अपात्र किती, असे तक्ते झाले. परंतु त्या माणसाने किती एकर कसली, कोणती विहीर खणली, पोरीच्या शिक्षणासाठी कोणता बैल विकला, हे कोणत्या दगडावर आहे? गावची शाळा ज्या गवंड्याने बांधली, ज्या सुताराने तिची दारे घडवली, ज्या बायांनी दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर रस्त्याची खडी फोडली, त्यांची नावे कोठे आहेत? रस्त्याच्या पाटीवर उद्घाटन करणाराचे नाव असते. खडी फोडणारीचे नसते.

म्हणून आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आमचे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली: ज्यास शक्य आहे त्याने साध्या दिवशी कोरेगावास जावे, आणि एकट्याने नव्हे, दुसऱ्या वाड्यातील एकास बरोबर घेऊन जावे. सगळी ४९ नावे मोठ्याने वाचावी. आपल्या जातीची तेवढी निवडू नयेत. दुसरी: पेशव्यांच्या बाजूने जे अरब, गोसावी व मराठे त्या दिवशी पडले, त्यांची नावे त्या दगडावर नाहीत. तीही कोणा आयांची लेकरे होती. त्यांच्यासाठीही तेथे क्षणभर उभे राहावे. त्याने त्या बावीसांचा मान तिळभर कमी होत नाही. तिसरी: प्रत्येक गावाने एक वही घालावी. तिच्यात गावासाठी खपलेल्यांची, फौजेत गेलेल्यांची, विहीर व शाळा बांधणाऱ्यांची, आणि घरच्यांची संमती असेल तर कर्जाने गेलेल्यांचीही नावे लिहावी. बायकांची नावे नवऱ्याच्या नावाखाली दडवू नयेत. वहीस खर्च शंभर रुपयेही येणार नाही. दगड पुढे मागे होईल; आधी नाव लिहिलेले पाहिजे. लिहिता येत नाही असे आता कोणत्याच घरी म्हणावयास जागा नाही. लिहिणारे मूल घरोघर आहे.

धनजास परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो. त्या दोन्ही मुलांस पुढे बोलावले व फळ्यावर लिहिले: २२, १६, ८, २, आणि खाली, एखाद-दुसरा. मग त्यांस विचारले, यांतले आपले कोणते? बौद्धवाड्यातला मुलगा पहिल्या आकड्याकडे पाहू लागला. कुणब्याचा मुलगा दुसऱ्याकडे. तेवढ्यात मागून एक तेल्याची मुलगी म्हणाली, "गुरुजी, तो शेवटचा माहा." सारा वर्ग हसला, ती दोन मुलेही हसली. आम्ही तेव्हा काही समजावून सांगितले नाही. संध्याकाळी त्या कुणबी मुलाचा बाप शाळेत आला. त्याच्या हातात नवी कोरी वही होती. तो म्हणाला, "गुरुजी, वही घेऊन आलो. पयलं नाव कोणाचं लिहाचं?"

आम्ही म्हणालो, आपल्या शाळेच्या भिंती ज्याने उचलल्या त्या गवंड्याचे लिहू या. त्याचे नाव आम्हां दोघांसही ठाऊक नव्हते. ते विचारावयास आम्ही दोघे तसेच निघालो.